काठावरच्या आया

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. त्या सुट्टीला जोडून वॉशिंग्टन शहराभोवतालच्या मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या वस्त्यांमधले पोहण्याचे तलाव उघडतात आणि मुलांच्या उन्हाळी संघांचा हंगाम सुरू होतो. जेमतेम दोन महिन्यांचा. सहा वर्षांच्या पोरापासून अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे एकाच संघात, रोजचा सराव, शनिवारी सकाळी शेजारच्या वस्तीशी सामना. इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही आता या संघांत दिसतात. आणि दर वर्षी संघाच्या समितीत एक विषय निघतो : नव्या कुटुंबांना मदत कशी करायची?

यातला ‘कुटुंब’ हा शब्द फसवा आहे. पत्र कुटुंबाला येतं, वाचते आई. इतके तास कुटुंबाने संघाचं काम केलं पाहिजे अशी अट असते, करते आई. फीच्या चेकवर सही तेवढी कुटुंबप्रमुखाची.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, बऱ्या पगाराच्या घरांतल्या पोरांच्या पोहण्याचं काय घेऊन बसलीस? प्रश्न रास्त आहे. पण ‘इथे सगळे सारखे’ असं जिथे उठताबसता म्हटलं जातं तिथे बाईच्या फुकट कामाची वाटणी कशी होते, ते फार स्वच्छ दिसतं. शिवाय पाणी, बाई आणि जात यांचं नातं आपल्याला नवं नाही.

पहिल्या आठवड्यात आईच्या हातात जे कागद पडतात ते उत्तम इंग्रजी येणाऱ्या बाईलाही कळत नाहीत. ‘ए मीट’ म्हणजे काय, ‘बी मीट’ म्हणजे काय? (मीट म्हणजे सामना. हे एका शाकाहारी आजींना समजावून सांगावं लागलं होतं.) शनिवारचा ए सामना गुणांचा असतो आणि त्यात प्रत्येक शर्यतीला संघातली निवडक मुलंच उतरतात. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळचा बी सामना बाकीच्यांचा. तिथे मूल आपल्याच जुन्या वेळेशी शर्यत लावतं. एवढी साधी गोष्ट कुणी सांगितलेली नसते. मग शनिवारी पहाटे उठून कॉश्च्युम घालून बसलेली आठ वर्षांची मुलगी ‘माझं नाव यादीत का नाही?’ म्हणून रडते, आणि आईला वाटतं आपल्या रंगामुळे वगळलं. कधी तसंही असेल. पण बहुतेक वेळा कारण घड्याळ असतं. या दोन्हींतला फरक नव्या बाईला ओळखता यायला हवा आणि कुणीतरी शेजारी बसून सांगितल्याशिवाय तो ओळखता येत नाही. नाहीतर खरा अन्याय होतो तेव्हाही ती गप्पच बसते.

सामन्याच्या सकाळी मुलांच्या दंडावर जाड शाईच्या पेनने आकडे लिहितात : शर्यत कितवी, फेरी कितवी, पट्टा कितवा. ‘हातावर काय चिरखडलंय’ म्हणून एक आजी शर्यतीआधीच ते पदराने पुसायला निघाल्या होत्या. शाई पक्की असते म्हणून बरं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, एक हात आधी लागला की मूल बाद. लहान पोरं पहिल्या वर्षी सर्रास बाद होतात. जुन्या आयांना त्याचं काही वाटत नाही. नवी आई मात्र घरी जाऊन पोरीला रागावते, आणि बाप आईला विचारतो, ‘तू तिथे काय बघत होतीस?’

आता कामाकडे येऊ. एका सामन्याला माणसं किती लागतात? सहा पट्ट्यांचा तलाव असेल आणि प्रत्येक पट्ट्याला तीन घड्याळं धरली तर नुसती वेळ मोजायलाच अठरा माणसं. शिवाय मुख्य पंच, शर्यत सोडणारा, हातपाय नियमाने चालतात की नाही पाहणारे पंच, निकाल लिहिणारे, मुलांना ओळीने बाकावर बसवणारे आणि खाण्याच्या टेबलावरचे. शिकवणारे सोडले तर हे सगळे मुलांचे पालक, बिनपगारी. ही पद्धत मला मनापासून आवडते. सरकारची वाट न पाहता शेजारपाजारचे लोक एक गोष्ट उभी करतात, हे आपल्या मंडळांनाही ओळखीचं आहे. पण शिट्टी कुणाच्या हातात आणि सुरी कुणाच्या हातात, हे पाहा. गळ्यात शिट्टी घालून तलावाच्या काठाने चालणारे बहुतेक बाप. टरबूज चिरणाऱ्या, ओल्या पोरांना टॉवेल गुंडाळणाऱ्या, चुकलेली टोपी शोधणाऱ्या बहुतेक आया. बायका पंच होतच नाहीत असं नाही. होतात, उत्तम होतात. पण नव्या मराठी आईला ‘तुम्ही काय कराल?’ असं विचारतात तेव्हा उत्तर विचारणाऱ्यापाशी आधीच तयार असतं. तिला समोसे आणायला सांगतात. भारतातून आलेल्या प्रत्येक बाईला समोसे जन्मजात येतात अशी इथे समजूत आहे. आमच्यातली एक साताऱ्याची. तिने आयुष्यात समोसा केला नव्हता, इथे येऊन शिकली.

यातल्या कितीतरी जणी नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. अशा बाईला इथे नोकरी करण्याची मुभा नव्हती. २०१५ साली नियम बदलला आणि त्यातल्या काही जणींना परवानगी मिळू लागली, सगळ्यांना नाही. बी.ई., एम.एस्सी. झालेली बाई घरी असते हे सर्वांना ठाऊक असतं, म्हणून ‘हिला वेळच वेळ आहे’ असं धरून चालतात. तिच्या वेळेला किंमत नाही असं आधी कायद्याने ठरवलं, मग नवऱ्याने, मग संघाने. हे सगळं प्रेमाने, हसून होतं. त्यामुळे नाही म्हणणं आणखी अवघड.

म्हणून नव्या आईला मदत करायची असेल तर तिला टेबलामागे उभी करू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर पंचांसाठी वर्ग होतात, तिथे पाठवा. पंच व्हायला स्वतःला पोहता यावं लागत नाही, नियम पाठ हवेत आणि नजर हवी. आमच्या तलावावरच्या एका मराठी बाईने तो वर्ग केला. पहिल्याच हंगामात तिने एका मोठ्या मुलाला बाद दिलं. त्याचा बाप तिच्या अंगावर धावून आला. ती शांतपणे म्हणाली, मुख्य पंचांशी बोला. नियमही तोच आहे. त्यानंतर तिच्याकडे समोसे कुणी मागितले नाहीत. आणि दुसरं : कामाच्या तक्त्यावर ‘अमुक कुटुंब’ असं लिहिणं बंद करा. माणसाचं नाव लिहा. शनिवारी सकाळी खाण्याच्या टेबलावर श्री. अमुक, असं.

मुलींविषयी. ऑलिंपिक विजेती केटी लेडेकी मेरीलँडमधल्याच एका उन्हाळी संघात वयाच्या सहाव्या वर्षी पोहायला लागली. मराठी बाप हे नाव हमखास घेतात, पण मुलाला उत्साह यावा म्हणून. मुलीच्या बाबतीत ‘अभ्यास सांभाळून जमेल तेवढं’. आणि देशातून फोन येतो, ‘उन्हात पोरगी काळी पडेल.’ सात समुद्र ओलांडले, गोऱ्यांच्या देशात राहिलो, तरी पोरीच्या कातडीचा भाव लग्नाच्या बाजारात ठरायचा तो ठरतोच. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी हळूच यायची बंद होते. कारण कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. नव्या कुटुंबांना देतात त्या यादीत गॉगल, टोपी, दोन टॉवेल, उन्हाचं मलम, घडीची खुर्ची, सगळं असतं. पाळीविषयी एक ओळ नसते. पाळीत पोहता येतं, त्यासाठी आत ठेवायच्या वस्तू मिळतात, पाळीसाठी शिवलेले कॉश्च्युमही मिळतात, हे त्या यादीत छापायला काय हरकत आहे? ज्या घरात अजून चार दिवस बाजूला बसवतात त्या घरातल्या आईला ते छापील हवं. तोंडी सांगितलेलं सासूपुढे टिकत नाही.

आता जरा मागे जाते, कारण या तलावांचा इतिहास आपल्या लोकांना माहीत नसतो आणि तो माहीत नसणं सोयीचं असतं. हे वस्त्यांचे खाजगी तलाव एवढे का निघाले? सार्वजनिक तलाव काळ्यांना खुले होऊ लागले तसे गोरे तिथून उठून गेले, हे त्याचं एक मोठं कारण. १९४९ साली सेंट लुई शहरात तलाव सर्वांना खुला केला त्याच दिवशी काळ्या मुलांवर हल्ले झाले. १९६४ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला एका हॉटेलच्या तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतलं. इथल्याच व्हर्जिनियात लिटल हंटिंग पार्क नावाच्या तलावाने एका काळ्या भाडेकरूला घरमालकाचं सभासदत्व वापरू दिलं नाही आणि त्याची बाजू घेणाऱ्या गोऱ्या मालकालाच काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६९ चा. मेरीलँडमधल्या व्हीटन-हेवनच्या तलावावर ग्रेस रॉसनर ही काळी बाई एका सभासद जोडप्याची पाहुणी म्हणून आली, तर संस्थेने नियमच बदलला : यापुढे पाहुणे म्हणून फक्त नातेवाईक चालतील! तो खटला १९७३ साली निकालात निघाला. दोन्ही वेळा आधार १८६६ सालच्या कायद्याचा. कायदा होऊन शंभरावर वर्षं झाली होती.

महाराष्ट्रातल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला हवं का? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना माणसं घेऊन त्या पाण्यापर्यंत जावं लागलं. मग सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. तिथे शेण-गोमूत्र, इथे आम्ल. पण इथे येणाऱ्या मराठी घरांपैकी बरीचशी तळ्याच्या कुठल्या काठावरची, हे आपण जाणतो. ज्यांच्या झगड्यामुळे आपल्या सावळ्या पोरीला त्या तलावाचं दार उघडं मिळालं, त्यांच्या घरातली मुलगी संघात आली की आपल्या बायका तिच्यापासून दोन खुर्च्या दूर बसतात. हे मी पाहिलं आहे. काळ्या मुलींच्या दाट केसांवर बसेल अशी मोठी टोपी २०२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑलिंपिकसाठी नाकारली, २०२२ साली मान्य केली. आपल्या लांब वेण्यांच्या मुलींनाही टोपीचं दुखणं तेच. बोलायला विषय आहेत. सभासदत्वाची वर्गणी मात्र आजही अशी असते की रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या इमारतींतल्या घरांना ती झेपत नाही. सवलत असेल तर पत्राच्या अगदी वर लिहावी, मागायला लावू नये.

आणि खुद्द आया? हंगामभर त्या पाण्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक मराठी बायकांना पोहता येत नाही. आपल्याकडे पोरगा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायचा. पोरीने पाणी भरायचं, धुणी धुवायची, काठाकाठाने. बाईचं आणि विहिरीचं नातं भाषेत कसं आलं आहे पाहा : ‘तिने विहीर जवळ केली’ याचा अर्थ एकच होतो. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण बुडणं हे आहे, आणि ही धाकटी भावंडंच आईच्या मांडीवर, काठावर असतात. जीवरक्षक असतो, खरं. घरी, समुद्रावर, नातलगांकडच्या तलावावर तो नसतो.

अडचण पाण्याची नसते. चाळिशीतल्या शरीराने, सुटलेल्या पोटाने, नवऱ्याच्या मित्रांसमोर कॉश्च्युम घालून उतरायचं, ही असते. बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे मिळतात. वेळही निराळी ठेवता येते. मुलांचा सराव संपल्यावर अर्धा तास, फक्त आयांसाठी, शिकवायला संघातल्याच मोठ्या मुली. सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या आईच्या वयाच्या बाईला पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवावं. आमच्याकडे दोन उन्हाळे अगदी अनौपचारिकपणे हे करून पाहिलं, सहाजणी आल्या, चौघी पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचल्या. एक तिथे पोचून रडली. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

येत्या हंगामाआधी नव्या कुटुंबांची सभा होईल तेव्हा हे सगळं लेखी मांडणार आहे : शब्दांची सोपी यादी, दर नव्या आईला एक जुनी सोबतीण, तक्त्यावर नावं, पंचांच्या वर्गात तीन जागा बायकांच्या, पाळीची ओळ, आयांचा अर्धा तास. समितीतल्या एका गृहस्थांनी आत्ताच विचारलं आहे, त्या अर्ध्या तासाला जीवरक्षकाचा पगार कोण देणार? मी त्यांच्याकडे गेल्या उन्हाळ्यात खाण्याच्या टेबलावर किती पैसे जमले, त्याचा हिशेब मागितला आहे.