वडीलधाऱ्यांना विचारून घ्या

आपला बाप्तिस्मा कोणत्या तारखेस झाला, आईबापांची व धर्ममातापित्यांची नावे काय, हे चर्चच्या नोंदवहीत लिहिलेले सापडते. परंतु त्या दिवशी आपण किती रडलो, कोणी कडेवर घेतल्यावर गप्प झालो, आजोबांच्या डोळ्यांना पाणी का आले, हे कोणत्याही वहीत नसते. ते वडीलधाऱ्यांच्या मनात असते. त्यांनी सांगितले तरच ते आपले होते.

आपल्या आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षे आपणांस सहसा आठवत नाहीत. म्हणजे आपल्याच जीवनाचा आरंभ दुसऱ्याच्या स्मरणात ठेव म्हणून राहिलेला असतो. पुढच्या आठवणीही बोलण्यानेच टिकतात. “आपण जत्रेला गेलो होतो ना?” एवढ्यावर न थांबता “तेथे काय पाहिलेस? मग काय झाले?” असे विचारून आई मुलास बोलते करते, तेव्हा त्याच्या आठवणी अधिक भरीव होतात, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत घराण्याचा पूर्वेतिहास सांगण्याची परंपरा मोठी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची सर्वांत जुनी आठवण सरासरीने तीन वर्षांच्या आतील निघाली. तेथील युरोपीय वंशाच्या लोकांची मात्र साडेतीन वर्षांच्या सुमाराची.

सुखाच्या गोष्टी सांगणे सोपे असते. दुःखाच्या बाबतीत मात्र जीभ अडखळते. तान्हेपणी गेलेल्या लेकराचे नाव कित्येक घरांत कोणी घेत नाही. तरुणपणी वारलेल्या काकांचे छायाचित्र पेटीच्या तळाशी पडून असते. मुलांच्या मनाला धक्का बसू नये, हा हेतू चांगलाच. पण आईचे डोळे का भरून आले हे मुलाला दिसते. कारण कोणी सांगितले नाही, तर आपलेच काही चुकले असे ते समजते. गेलेला माणूस “झोपला आहे” असे सांगितले, तर लहान मूल झोपेलाच भिऊ लागते. त्यापेक्षा “तो वारला, तो आता परत येणार नाही, आमचा त्याच्यावर फार जीव होता” ही साधी, खरी वाक्ये बरी.

सुखदुःखे एकत्र कशी सांगावीत, याचे उत्तम उदाहरण मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपुरास झाला. शाळा त्यांना लाभली नव्हती. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले, की घरात मीठ नि साखरही धुऊन घेतली जाई. पुढे १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त असे सांगितले आहे, की वाचणारा हसता हसता गंभीर होतो. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहाने हे लेखन झाले. पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. तो आग्रह झालाच नसता, तर मराठीचे केवढे धन त्यांच्याबरोबर गेले असते!

आपल्या घरी ग्रंथ होणार नाही, न होवो. परंतु संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर आणि जेवणापूर्वी जो अवकाश मिळतो, त्यात आजीजवळ बसावे. “तुमच्या वेळी कसे होते?” असे मोघम विचारू नये, त्याला उत्तरही मोघमच मिळते. “विहिरीवरून पाणी कोण आणी? लग्न ठरले तेव्हा तुम्हांला कोणी विचारले होते का? तुमची धाकटी बहीण कशी होती?” असे नेमके विचारावे. आजी गप्प झाली, तर आग्रह धरू नये. नुसते जवळ बसून राहावे. कदाचित दुसऱ्या दिवशी ती आपणहून सांगेल. मुलांनाही तेथून उठवू नये.

धान्य आणि जमीन वाटून देता येते, आणि त्याचा कागदही होतो. आठवणींचे मृत्युपत्र कोणी करीत नाही. त्या देणाऱ्याच्या हयातीतच मागून घ्याव्या लागतात.