पेडगावची डीपी आणि विजेची वाहने

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, मानवत रोड आणि परभणी यांच्या दरम्यान पेडगाव लागते. बाजार, दवाखाना, कचेरी आणि कॉलेज या साऱ्या गरजांसाठी परभणीकडे तोंड करून असलेल्या अशा गावाला दुचाकीवाचून गत्यंतर नाही. आणि रोजचे जाणे-येणे ठरलेल्या, बेताच्या अंतराचे असल्यामुळे विजेची स्कूटर मोठ्या शहरांपेक्षाही अशाच गावांना अधिक किफायतशीर ठरणार, हे पेट्रोलच्या भावाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही पटेल. ती गावोगाव यावी, अशीच प्रस्तुत लेखकाची इच्छा आहे. परंतु तिच्या स्वागतासाठी जी सिद्धता चालली आहे, ती मुख्यतः महामार्गांवर चालली आहे. राज्याच्या 2025 च्या विद्युत-वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफी आहे, महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग स्थानकाचा संकल्प आहे. मात्र जिच्या तारेवर खेड्यातील स्कूटर प्रत्यक्ष चार्ज व्हायची, त्या गावठाणातील डीपीकडे, म्हणजे वितरण रोहित्राकडे, पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

हिशेब साधा आहे. स्कूटरचा चार्जर साधारण आठशे वॅट ओढतो आणि चार-पाच तास चालतो. शंभर केव्हीएच्या एका डीपीवरील चाळीस घरांत अशा चाळीस गाड्या आल्या, आणि माणसे परभणीहून परतल्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास त्या सर्व एकदमच लावल्या गेल्या, तर बत्तीस किलोवॅटचा, म्हणजे रोहित्राच्या क्षमतेच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका भार एका तासात नव्याने पडतो. तोही अशा वेळी, की मे महिन्याची संध्याकाळ असते, घरोघर कूलर लागलेले असतात आणि परभणीचा पारा दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकून अद्याप पुरता उतरलेला नसतो. त्यातही हा भार तिन्ही फेजवर सारखा वाटला जाईल, अशी खात्री नाही. ज्या फेजवर दाब बरा, तिच्यावर घर घेण्याची रीत खेड्यात जुनी आहे. त्यामुळे चाळीसपैकी पंचवीस गाड्या एकाच फेजवर आल्या, तर त्या फेजच्या वाट्याच्या तेहतीस केव्हीएंपैकी वीस केवळ स्कूटरीच खाऊन टाकतात. मग किटकॅटची तार वितळते, वायरमन अधिक जाड तार घालून जातो, आणि जे संरक्षण फ्यूजने करावयाचे ते कोणीच करीत नाही. रोहित्रातील वेटोळ्यांवरचा कागद तेलात बुडालेला असतो. त्याचे तापमान मर्यादेपेक्षा सहा अंशांनी वाढत गेले, की त्याचे आयुष्य दर वेळी सुमारे निम्म्याने घटते. डीपी जळते ती एका रात्री, पण ती जळण्याचा आरंभ कित्येक संध्याकाळी आधीच झालेला असतो. ती ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीस नेण्याचा आणि तोवर अंधारात बसण्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाही.

एसटीच्या विद्युत बसगाड्यांबद्दल मला तितकी चिंता वाटत नाही. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ धावू लागली. अशा बसच्या बॅटरीला शेकडो युनिट लागतात हे खरे, परंतु आगाराला उच्चदाबाची वेगळी जोडणी घेता येते आणि तिचा आराखडा अभियंते आधीच आखतात. घरोघरच्या लहान चार्जरचा आराखडा मात्र कोणाच्याच दफ्तरी नसतो.

यावर उपाय आहे, आणि त्याचे साधन गावाच्या शिवारातच उभे राहत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 मध्ये आरंभिलेल्या दुसऱ्या टप्प्यात कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या निकट सौरप्रकल्प उभारले जात आहेत. रात्री-बेरात्री पाणी देण्यासाठी साप-विंचवांतून शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याची त्यातून सुटका होते, हे या योजनेचे मोठेच श्रेय. पण पावसाळ्यात, पिके पावसावर पोसली जात असता, पंप बंद असतात आणि सूर्य ढगांआडून का होईना, काही वीज देतच राहतो. ही वीज उपकेंद्रातील ज्या अकरा केव्हीच्या बसबारवर येते, त्याच बसबारवरून गावठाणाचा फीडरही निघत असेल, तर दुपारची वीज दुपारीच गाडीत भरण्यास वेगळ्या तारेची गरज नाही. गरज आहे ती गाडी दुपारी जिथे उभी असते तिथे प्लग असण्याची. शिक्षकांची गाडी शाळेत, ग्रामसेवकाची ग्रामपंचायतीत, रेल्वेने पुढे जाणाऱ्याची स्थानकाच्या आवारात उभी असते. या तीन ठिकाणी मीटरसह दहा-दहा साधे सॉकेट बसविणे हे एखाद्या जलद-चार्जिंग स्थानकाच्या खर्चापुढे काहीच नाही.

दिवसा ज्यांना जमणार नाही त्यांनी रात्री अकरानंतर चार्जिंग करावे. सातला कोणीही करू नये. हे केवळ उपदेशाने होणार नाही. केंद्राने जून 2023 मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून, सौर-तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी असावा असे ठरविले. परंतु त्याचा लाभ तासवार नोंद करणाऱ्या मीटरलाच होतो. अशा मीटरविषयी लोकांच्या मनात जो संशय आहे, तो गावात बसून, बिल समोर ठेवून दूर करावा लागेल. सक्तीने तो वाढेल. ब्रिटनने तर जून 2022 पासून घरगुती चार्जरवरच नियम घातला, की तो मूळ मांडणीत संध्याकाळचे तास टाळेल आणि चार्जिंग सुरू करताना प्रत्येक वेळी दहा मिनिटांपर्यंत अनियमित विलंब करील, जेणेकरून एका ठोक्याला सारे चार्जर एकदम चालू होऊ नयेत. घड्याळाची एवढी सोय आपल्याकडील स्कूटरच्या चार्जरमध्ये बसविण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. ती अनुदानाची अट करावी.

महावितरणकडे माझे मागणे आणखी एक आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडण्याची मोहीम निघते. त्याच फेरीत प्रत्येक डीपीवर किती विजेच्या गाड्या चार्ज होतात आणि त्या कोणत्या फेजवर, याची नोंद घ्यावी, घरे तिन्ही फेजवर समान वाटावीत, आणि जिथे मे महिन्याच्या संध्याकाळी भार ऐंशी टक्क्यांपलीकडे जातो, तिथे दुसऱ्या डीपीची मंजुरी पहिली जळण्यापूर्वी द्यावी. नव्या डीपीचा खर्च शेवटी गाडी घेणाऱ्याच्या माथी मारला गेला, तर जी बचत पाहून त्याने गाडी घेतली तीच नाहीशी होईल. म्हणून ही तरतूद वाहन-धोरणाच्या निधीतूनच व्हावी.