इंजिनरूममधलं युद्ध



४ डिसेंबर जवळ आला की नौदल दिनाचे संदेश फिरू लागतात. १९७१च्या त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला आपल्या पिढीला पाठ आहे. यंदाच्या सुट्टीत आळंदीत एका काकांची गाठ पडली. ते त्या रात्री या नौकांच्या सोबतीला गेलेल्या ‘कछाल’ या युद्धनौकेच्या इंजिनरूममध्ये होते.

“आम्हाला ना समुद्र दिसला, ना आग,” काका म्हणाले. “वरून हुकूम आला की वेग वाढवायचा. काय घडलं ते वॉच संपवून डेकवर गेल्यावर कळलं.” लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेला तो हात बोलता बोलता हवेतच झडप फिरवत होता.

पाच दिवसांनी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी ‘कछाल’नेच पाण्यातून उचललं. तेलाने माखलेल्या त्या पोरांना चहाचा मग धरता येत नव्हता, काकांनी तो त्यांच्या ओठांना लावला. जहाज न सोडणारे ‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्याला ठाऊक आहेत, असायलाच हवेत. काका मात्र खालच्यांबद्दलच बोलत राहिले. “शिड्या चढून वर यायचं असतं रे बाळा. शिप काही मिनिटांत गेली. इंजिनवाल्यांना कुठला वेळ?”

पुढे त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी केली. गल्लीत ते ‘कंपनीवाले काका’. हे सगळं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, याची मला फार खंत वाटली. तेव्हा विशीत असलेली ही माणसं आज सत्तरी कधीच ओलांडून गेली आहेत. पदकं आणि हुद्दे कागदावर राहतात, पण वॉचवर नेमकं काय काम केलं, भीती कधी वाटली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. आपल्यापैकी कुणाच्या घरी, नात्यात असं कुणी असेल तर पुढच्या भारतभेटीत फोनवर रेकॉर्ड करून आणा. आपलं मंडळ ते जपून ठेवेल.

डिसेंबरच्या बैठकीत काका व्हिडिओवर बोलायला तयार झाले आहेत. संध्याकाळी त्यांना हरिपाठाला जायचं असतं आणि भारतातलं घड्याळ आपल्या पुढे, म्हणून आपल्याला इथल्या भल्या सकाळी जमावं लागेल. मुलांचे प्रश्न सचिवांकडे आठवडाभर आधी पाठवा.