विभागलेला प्रेक्षक की दुभंगलेली संहिता?

एखाद्या चित्रपटाविषयी प्रेक्षकांची मते टोकाला जाऊन विभागली, की समीक्षेला एक आयता सिद्धांत सापडतो: प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. एक सुजाण, दुसरा भाबडा. एक महानगरातला, दुसरा तालुक्याच्या बाजारपेठेतला. हा सिद्धांत एकदा उच्चारला की कलाकृतीकडे पाहण्याचे कष्ट वाचतात. ओम राऊत दिग्दर्शित ‘आदिपुरुष’ १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला, त्यानंतर मराठीत जी चर्चा झाली तिचा बराचसा भाग या सोयीवर उभा होता. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावाचा प्रेक्षक या चर्चेत केवळ उदाहरणापुरता येतो. तो चमत्काराला भुलतो, असे त्याच्या वतीने ठरवून टाकले जाते. या गृहीतकाची तपासणी करणे हे ‘आदिपुरुष’ची गुणवत्ता ठरविण्याहून अधिक निकडीचे आहे.

वादाची हकीकत थोडक्यात अशी. २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत चित्रपटाची पहिली झलक दाखविण्यात आली आणि रावणाच्या वेशभूषेपासून संगणकनिर्मित दृश्यांपर्यंत सर्व गोष्टींवर टीकेची झोड उठली. जानेवारी २०२३ मध्ये ठरलेले प्रदर्शन लांबणीवर पडले. प्रदर्शनापूर्वी निर्मात्यांनी प्रत्येक खेळाला एक आसन हनुमंतासाठी राखून ठेवण्याचे जाहीर केले. प्रदर्शनानंतर लंकेतील हनुमंताच्या तोंडचे संवाद इतके वादग्रस्त ठरले की काही दिवसांतच ते बदलावे लागले. कोणाला हा भक्ती आणि पराक्रम यांचा भव्य दृश्योत्सव वाटला, कोणाला विटंबना, तर कोणाला व्हिडिओ गेमची नक्कल. पुढे प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात पोहोचले आणि जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील कार्यवाहीला स्थगिती दिली.

या मतभेदाची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत, आणि दोन्ही टिकणारी नाहीत.

पहिले स्पष्टीकरण अभिरुचीच्या उतरंडीचे. ज्याला वास्तववादाचे संस्कार लाभले त्याला चित्रपट खोटा वाटला. ज्याला ते लाभले नाहीत त्याला तो भावला. येथे गृहीत धरलेले आहे ते असे, की अद्भुताचा स्वीकार म्हणजे विवेकाचा अभाव. जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे त्या औंढा नागनाथचे उदाहरण या गृहीतकाला पुरेसे उत्तर देते. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जावे लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा तेथे शतकानुशतके सांगितली जाते; नंदीचे मागल्या बाजूचे स्थान तिची खूण म्हणून दाखविले जाते. ही कथा ऐकणारा कोणी दगडी चौथऱ्याच्या यांत्रिकीची चौकशी करीत नाही. त्याला ती करता येत नाही असे नव्हे. कथेने तसा करारच त्याच्याशी केलेला नाही. देऊळ फिरणे हा येथे सामाजिक अवमानाला दिलेल्या उत्तराचा संकेत आहे. जो श्रोता हा संकेत ओळखतो, तो भाबडा नसून संकेतसाक्षर आहे.

चित्रपटाच्या प्रेक्षकालाही हे कौशल्य पहिल्यापासून अवगत आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि चित्रपट अफाट लोकप्रिय झाला. ‘कालियामर्दन’ (१९१९) च्या आरंभी तर फाळक्यांनी आपली कन्या मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाचे प्रात्यक्षिक दाखविले आणि मग तिचे कृष्णात रूपांतर केले. म्हणजे सोंग हे सोंग आहे, असे आधी सांगून मग त्यातला देव दाखविला. कृत्रिमतेची जाणीव आणि भक्ती यांच्यात विरोध आहे, ही समजूत त्या प्रेक्षकाची नव्हती. ती नंतरच्या समीक्षेची आहे.

दुसरे स्पष्टीकरण पावित्र्याचे. मूळ रामकथेशी प्रतारणा झाली म्हणून प्रेक्षक दुखावला, असे ते सांगते. परंतु मराठी परंपरेत ‘मूळ’ रामकथा ही वस्तू इतकी घट्ट कधीच नव्हती. एकनाथांचे भावार्थरामायण वाल्मीकीचा अनुवाद नाही, आणि ते पूर्णही त्यांच्या शिष्याने केले. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली; त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करण्याचा खटाटोप आहे. शैलीकरणाचा याहून धीट प्रयोग कोणता असेल? तरीही मोरोपंतांवर विटंबनेचा आरोप झाला नाही. म्हणजे शैलीकरण हा अपराध नाही, आणि पाठभेद तर नाहीच.

संवादांवरील आक्षेपही याच प्रकाशात तपासावयास हवा. हनुमंताच्या तोंडी ‘बाजारू’ भाषा घातली, असे म्हटले गेले. बाजाराची भाषा पवित्र विषयाला चालत नाही, हा नियम मराठीत कोणी केला? एकनाथांची भारुडे जोशी, गोंधळी, महार यांच्या बोलीत उभी आहेत. तिथे रोजच्या बोलीतून परमार्थाकडे जाणारी वाट आहे. सोंगाच्या आतून ते सोंग ओलांडले जाते. ‘आदिपुरुष’मधील त्या संवादांचा दोष ते बाजारातून आले हा नाही, ते कोणत्याच बाजारातून आले नाहीत, हा आहे. ज्या बोलीला बोलणारा समाज नाही, जिची योजना फक्त टाळी घेण्यासाठी आहे, अशी ती भाषा आहे. आठवडी बाजारात बोलणाऱ्या माणसाला समोरच्याच्या नात्याची, वयाची, मानाची जाण ठेवूनच शिवी द्यावी लागते. या मर्यादेचे भान नसलेल्या भाषेला ‘बाजारू’ म्हणणे हा बाजारावर अन्याय आहे.

मग मते का विभागली? त्याचे उत्तर प्रेक्षकांच्या जनगणनेत न शोधता संहितेच्या रचनेत शोधले पाहिजे. नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला आहे. लोकव्यवहार जसा असतो तसा दाखविणे ही पहिली पद्धती; संकेतांच्या आधारे दाखविणे ही दुसरी. शेजारी बोललेले शेजाऱ्याने न ऐकणे, पर्वताने वा शस्त्राने देहधारी होऊन रंगमंचावर येणे, हे नाट्यधर्मी आहे. दोन्ही पद्धती समान प्रतिष्ठेच्या आहेत, आणि एकाच प्रयोगात त्या एकत्रही नांदतात. मात्र कोणत्या क्षणी कोणता करार चालू आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे.

पैठण शैलीच्या चित्रांचा दाखला येथे उपयोगी पडतो. चित्रकथीच्या परंपरेतील ही कागदावरची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेली आहेत. मोठाले डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, सपाट रंग, आणि त्यांत चाललेली राक्षसांची घनघोर युद्धे. आजच्या परिभाषेत शैलीकृत अद्भुत साहसदृश्य म्हणावे ते हेच. चित्र जराही हलत नाही. कथेकरी बोलतो आणि श्रोत्याच्या मनात युद्ध घडते. चित्र आपले चित्रपण लपवीत नाही, म्हणून श्रोत्याला आपले काम ठाऊक असते.

‘आदिपुरुष’ आपले चित्रपण लपवू पाहतो. रावण पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारख्या अजस्र प्राण्यावरून येतो, त्याची दहा शिरे पाच-पाचच्या दोन ओळींत मांडली जातात, लंका सुवर्णाऐवजी काळवंडलेली आहे. हे सारे नाट्यधर्मी निर्णय आहेत आणि तत्त्वतः त्यांत गैर काहीही नाही. परंतु हेच निर्णय लोमश कातडी, धूळ, सावली, वजन यांच्या छायाचित्रसदृश तपशिलांतून खरे म्हणून पटविण्याचा अट्टहास चित्रपट करतो. स्वातंत्र्य संकेताचे हवे आणि प्रामाण्य कॅमेऱ्याचे हवे, असा हा दुहेरी दावा आहे. त्यातच राखीव आसनाने प्रेक्षागृहाला देवालयाचा तिसरा करार जोडला. ज्या प्रेक्षकाने परंपरेच्या स्मृतीतून संकेत पूर्ण केले, त्याला देवदत्त नागे यांच्या बजरंगात देव दिसला. ‘जय मल्हार’ (२०१४) मधील त्यांचा खंडोबा पाहिलेल्या मराठी घरांना तर ही पूर्तता सोपीच होती. ज्याने पृष्ठभागाचा दावा शब्दशः घेतला, त्याला तो पृष्ठभाग कच्चा दिसला. ज्याने देवालयाचा करार मानला, त्याला उपमर्द दिसला. यांतील एकही वाचन अडाणी नाही. प्रत्येकाने संहितेने पुढे केलेल्या करारांपैकी एक प्रामाणिकपणे पाळला. दुभंग संहितेत आहे. प्रेक्षकांची मते ही त्याची पडछाया आहे.

यावर असा प्रतिवाद होईल, की अर्थ वाचकच घडवितो, तेव्हा संहितेला दोष कसा द्यावा? वाचककेंद्री समीक्षेचा हा सोयीस्कर विपर्यास आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना मांडली ती इतिहासाच्या संदर्भात. हे क्षितिज सरकते, आणि संहिता ते सरकवू शकते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याला मर्यादित प्रेक्षक लाभला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. उत्पन्न हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. परंतु अभिरुची जर वर्गाला आणि गावाला चिकटलेली असती, तर सहा वर्षांत असे घडले नसते. ‘तुंबाड’ने लोभाच्या मिथकासाठी पाऊस, वाडा आणि अंधार यांचा एकच संकेतव्यूह उभारला आणि अखेरपर्यंत पाळला. त्यामुळे उशिरा आलेल्या प्रेक्षकालाही आत शिरायला दार होते.

मतभेदाचे स्पष्टीकरण प्रेक्षकाच्या पायरीवरून देणारी समीक्षा आणि मतभेदाचा निवाडा न्यायालयाकडे सोपविणारी भावना, या दोघी वरकरणी एकमेकींच्या शत्रू आहेत. प्रत्यक्षात दोघींनीही एकच गोष्ट टाळली आहे: कलाकृती कोणता करार करते आणि तो पाळते का, हे विचारणे. पहिली प्रेक्षकाला न्यून ठरवते, दुसरी त्याला केवळ दुखावणारा जीव ठरवते. पारख करणारा म्हणून त्याला दोघीही नाकारतात. औंढ्याचे देऊळ फिरले ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या प्रदेशातील माणसाला अद्भुत म्हणजे काय, हे मराठी समीक्षेने शिकवायचे कारण नाही. ते त्याच्याकडून शिकावयाचे राहिले आहे.