पडद्याआडचा फासा

स्पष्टच लिहिते. जो डंजन मास्टर पडद्याआड फासा टाकतो, पडलेला आकडा गिळतो आणि तोंडाने दुसराच सांगतो, तो लबाडी करतो. "गोष्ट रंगावी म्हणून केलं", "मुलांच्या मजेसाठी केलं" ही त्याची कारणं मला पाठ आहेत. मीही तीच देत होते.

आमच्या नातेवाईक मंडळींपैकी निम्म्यांना अजून वाटतं की रविवारी दुपारी मी मुलांना गोष्टी सांगत बसते. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला, १९७४ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा छापला गेला. एक जण मास्टर. तो जग उभं करतो, राक्षस चालवतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, बहुतेक वेळा वीस पैलूंचा. पात्रं पहिल्या लेव्हलपासून विसाव्या लेव्हलपर्यंत वाढत जातात.

आमचा खेळ २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाला. नात, नातू आणि सोसायटीतली दोन मुलं. मास्टर व्हायला कुणीच तयार नव्हतं. "आजी, तू तर खरीच मास्तरीण" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. सतराव्या लेव्हलला पोचायला चार वर्षांहून जास्त लागली.

आणि सतरावी लेव्हल म्हणजे काय, तर नुसता गोंधळ! मी डोंगरातला आठ दिवसांचा प्रवास लिहून आणावा, वादळ, दरोडेखोर, तुटलेला पूल, सगळं. नातीच्या विझार्डने टेलिपोर्टचा मंत्र म्हणावा आणि सगळे सहा सेकंदांत पलीकडे. माझी बारा पानं रद्दीत. नातवाचा चोर आता असा तयार झालाय की ज्यात तो तरबेज आहे तिथे त्याचा फासा दहाच्या खाली धरतच नाहीत. त्याच्यासमोर कुलूप ठेवणं म्हणजे कुलपाचाच अपमान. एकदा नातीने शत्रूच्या सैन्यावर मीटिऑर स्वॉर्म टाकलं. त्याला सहा पैलूंचे चाळीस फासे लागतात. घरात होते अकरा. मग ल्यूडोचे आणले, सापशिडीचे आणले, शेजारून मागून आणले, तरी शेवटी दोनदा टाकून बेरीज करावी लागली. तीस गणवेशधारी मुलांचा वर्ग एकाच वेळी मधल्या सुट्टीला सुटावा तसं असतं ते.

अनेक मास्टरांना हे नको असतं. म्हणून बहुतेक छापील साहसं पंधराव्या लेव्हलच्या आतच गुंडाळतात. आणि जे पुढे जातात त्यांना गोंधळ आवरायची एक सोपी युक्ती सापडते, ती म्हणजे समोर उभा केलेला पुठ्ठ्याचा पडदा.

त्या रविवारी मी आणलेला लाल ड्रॅगन प्राचीन होता. पाचशे सेहेचाळीस हिट पॉइंट्स. त्याच्यासाठी मी महिनाभर भाषण लिहीत होते (हो, ड्रॅगनचं भाषण). अशा राक्षसांना नियमानेच दिवसातून तीनदा सवलत असते. बचावाचा फासा फसला तरी मास्टर म्हणू शकतो, "नाही, हा वाचला." मुलांनी ते हिशोबाने तिन्ही वेळा वापरायला लावलं. मग नातीने पॉलिमॉर्फ टाकलं, म्हणजे ड्रॅगनची कोंबडी. वाचायला मला एकोणीस हवे होते. फासा पडला चार, त्यात ड्रॅगनचे नऊ, झाले तेरा.

मी म्हटलं, "वाचला."

माझं भाषण अजून अर्धं राहिलं होतं ना! त्यानंतर तासभर घनघोर लढाई झाली, ड्रॅगन पडला, मुलं नाचली. मधे नात पाणी प्यायला उठली होती. स्वयंपाकघराचं दार माझ्या खुर्चीमागे आहे. मी बचावाचा फासा उचललाच नव्हता, पुढचे सगळे दुसऱ्याने टाकत होते. चार वर तोंड करून तो तिथेच पडलेला. ती काहीच बोलली नाही. रात्री फोन केला तिने. "आजी, आधीचेही असेच होते का गं?"

आता "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांशी मला भांडायचंय. त्यांच्या बाजूला मोठी माणसं आहेत, हे मान्य. खुद्द गायगॅक्सने १९७९ च्या मास्टरांसाठीच्या पुस्तकात मास्टरला फासा डावलायचा अधिकार दिलाय. २०१४ च्या पुस्तकातही पडद्याआड आकडा बदलता येतो, याची सोय म्हणूनच नोंद आहे. असू दे. अधिकार आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्याच गायगॅक्सने १९७५ च्या एका स्पर्धेसाठी टूम ऑफ हॉरर्स नावाचं थडगं रचलं होतं. बलाढ्य पात्रं त्यात पटापट मरत. पण ते सापळे आधी कागदावर उतरलेले होते. क्रूर, पण लिहिलेले. मला तो गायगॅक्स पटतो.

मी जन्मभर पेपर तपासले. ग्रेस मार्क नियमात असतात, किती द्यायचे ते ठरलेलं असतं, आणि दिले की तशी नोंद होते. ड्रॅगनच्या त्या तीन सवलती म्हणजे ग्रेस मार्कच. उघड, मोजलेल्या. त्या संपल्यावर मी जे केलं ती उत्तरपत्रिकेवरची खाडाखोड होती. शकुनीला आपण शिव्या देतो त्या जिंकल्याबद्दल नाही.

कुणी म्हणेल, मास्टर तर सगळंच आयत्या वेळी रचतो, मग फाशाचंच काय एवढं? फरक आहे. पुढच्या खोलीत काय आहे ते मी खुशाल बदलते, तिथे अजून कुणी गेलेलं नाही. पडलेला फासा ही घडून गेलेली गोष्ट आहे. आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डची दया येत असेल, सात-आठ हिट पॉइंट्स असतात बिचाऱ्याचे, तर आधीच एक राक्षस कमी आणा.

गोंधळाची तक्रार तर मला आता ऐकवतच नाही. चार वर्षं त्या पोरीने एकेक मंत्र मिळवला. तो चालायची वेळ आली आणि माझी गोष्ट मोडायला लागली, तेव्हा मी तिचा मंत्र मोडला. मजा तिला आली म्हणता? तिला ज्या लढाईची मजा आली, ती झालीच नव्हती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर "हो" होतं. आधी दोनदा. कोणत्या दोनदा तेही सांगितलं. त्यातल्या एकदा मी तिलाच वाचवलं होतं, आणि त्याचं तिला जास्त लागलं. बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

पुढच्या रविवारी चौघांसमोर सगळं सांगितलं. नातू म्हणाला, "मग ड्रॅगन मेलाच नाही?" त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी त्या चारच्या फाशापासून खेळ पुन्हा धरायचा ठरला. पडदा माळ्यावर गेलाय. फासे आता मधोमध पितळी परातीत पडतात, खणखणीत आवाज होतो, खालच्या मजल्यावरून तक्रारही आली.

ड्रॅगन सध्या कोंबडी आहे. मंत्र तासभर टिकतो, तोही नातीच्या विझार्डचं लक्ष विचलित झालं नाही तर. तिला नेमकं कुठे नेऊन सोडायचं, यावर चौघांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि मी काहीही लिहून ठेवलेलं नाही.