तराजू कोणाचा, वजन कोणाचे?

गेल्या दिवाळीला फराळाचे डबे घेऊन लेकीकडे दिल्लीला विमानाने निघालो होतो. विमान खाली येऊ लागले आणि पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या मोज्यांना येतो तसला वास नाकात शिरला. सौभाग्यवतींचे डोके दुखू लागले. हवाई सुंदरीला विचारले, तर ती हसून म्हणाली, "काही नाही काका, एसीचा वास आहे."

तेव्हा मी ते मुकाट्याने मानले. आज मानत नाही.

बहुतेक जेट विमानांत आपण श्वासाला घेतो ती हवा इंजिनातून येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इंधन पेटण्याआधी इंजिन बाहेरची हवा दाबते. त्या दाबलेल्या, तापलेल्या हवेतला एक वाटा काढून, थंड करून उतारूंसाठी आत सोडतात. एरवी ती स्वच्छच असते. पण तेल अडवणारे सील झिजले की तेलाची वाफ त्याच वाटेने आत येते. या तेलात बहुधा ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचे द्रव्य असते. त्याचे काही प्रकार मज्जातंतूंना घातक आहेत. विमानात गाळण्या आहेत खऱ्या, पण त्या धूळ नि जंतू धरतात, वाफ नव्हे. फटाक्यांचा धूर निदान खिडकी उघडून घालवता येतो!

आमच्या त्या वासात तेल होते काय? मी सांगू शकत नाही, आणि माझा सारा राग इथेच आहे. कोणीच सांगू शकत नाही, कारण ते मोजणारे यंत्रच बहुतेक विमानांत नसते. वर आम्हालाच विचारतात, अपायाचा पुरावा काय? अहो, तराजू तुम्ही ठेवायचा नाही आणि वजन आम्ही सांगायचे, हा कुठला बाजार?

ऑस्ट्रेलियात १९९२ साली एका विमानात धूर शिरला. त्यातल्या एका हवाई सुंदरीचा खोकला काही जाईना. ती न्यायालयात गेली, जिंकली. पण कंपनीचे शेवटचे अपील फेटाळले गेले ते २०१० साली. अठरा वर्षे! आमच्यासारख्या उतारूने काय करावे?

बरे, उपाय नाही म्हणावे तर २०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ मध्ये ही हवा इंजिनातून घेतच नाहीत; विजेवर चालणारी वेगळी यंत्रे ती बाहेरून ओढतात. जुनी विमाने मोडीत काढा असे मी म्हणत नाही. त्यांत मोजणारे यंत्र तरी बसवा, आणि आकडा वैमानिकासमोर ठेवा.

यंदाही डबे भरून ठेवले आहेत. वास आलाच, तर उत्तर लेखी मागणार आहे.