शिकवणीचा शोध आणि शाळेचे कर्तव्य

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की कामगार-कर्मचाऱ्यांच्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : गणिताला कोणी चांगला मास्तर आहे का? वह्या-पुस्तके, गणवेश आणि बसभाडे यांचा खर्च कसाबसा निभावला की शिकवणीची फी पुढे उभी राहते. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक पाहणीत देशातील २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते. उच्च माध्यमिक टप्प्यावर शिकवणीचा सरासरी वार्षिक खर्च शहरात विद्यार्थ्यामागे ९,९५० रुपये आणि खेड्यात ४,५४८ रुपये निघाला. सरासरी मात्र फसवी असते. बड्या क्लासची फी एकरकमी भरणारे घर आणि महिन्याला तीनशे रुपये देताना पोटाला चिमटा घेणारे घर तिच्यात एकाच मापाने मोजले जाते.

आपल्यातील काही कॉम्रेड या धडपडीकडे मध्यमवर्गीय हौस म्हणून पाहतात. हे निदान वरवरचे आहे. गृहपाठ देणारी शाळा असे गृहीत धरते की मुलाच्या घरी कोणी शिकलेले आणि मोकळे माणूस आहे. पाळी संपवून रात्री परतणाऱ्या कामगाराच्या घरी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या घरी असे माणूस कोठून यायचे? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात पुस्तक आहे त्यांना घरबसल्या मिळणारी मदत इतरांना विकत घ्यावी लागते. रयतेच्या करावर वरिष्ठ वर्गांचे शिक्षण चालते, हे गाऱ्हाणे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. आज तीच रयत एकदा कराच्या रूपाने आणि दुसऱ्यांदा फीच्या रूपाने किंमत मोजते. आणि बड्या क्लासच्या फीवर १८ टक्के वस्तू व सेवा करही भरते.

वास्तविक ज्या मदतीसाठी पालक वणवण करतो ती मदत देणे हे शाळेचे कायदेशीर कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २४ सांगते की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरजेनुसार जादा अध्यापन करावे. कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई करते. कलम २६ अन्वये सरकारी व अनुदानित शाळांत शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक राहता कामा नयेत. ही कलमे सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहेत. मात्र पद रिकामे ठेवायचे, एका शिक्षकाच्या माथी दोन-तीन वर्ग मारायचे, त्यालाच ऑनलाइन माहिती भरण्यास बसवायचे आणि मग मूल कच्चे राहिले म्हणून पालकाला क्लासची वाट दाखवायची, असा व्यवहार चालू आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा गिरवला. तो अजून गाठलेला नाही.

येथे डाव्या चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. डाव्या आघाडीच्या राजवटीतील पश्चिम बंगालमध्ये प्राथमिक शाळेतील मुलेसुद्धा शिकवणीवर अवलंबून आहेत, असे अमर्त्य सेन यांच्या प्रतीची ट्रस्टने २००२ च्या अहवालात दाखवून दिले होते. जमिनीचे वाटप झाले म्हणून शाळा आपोआप सुधारत नाही; तिच्यासाठी वेगळा लढा द्यावा लागतो, हा त्याचा धडा आहे.

तथापि सातवीत अपूर्णांकांत अडकलेले मूल अंदाजपत्रक बदलेपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून शिकवणी लावणाऱ्या पालकाला दोष देऊ नये. त्याला सावध करावे. प्रथम शाळेत जाऊन मूल नेमके कोठे अडते ते शिक्षकाकडून समजून घ्यावे आणि जादा अध्यापनाची लेखी मागणी करावी. त्याच शाळेचा शिक्षक स्वतःच्या शिकवणीला बोलावीत असेल तर तो कायद्याचा भंग आहे, हे ओळखावे. शिकवणारा निवडताना पदवीपेक्षा त्याची रीत पाहावी : तो मुलाला स्वतः उदाहरण सोडवू देतो की गाईडमधील उत्तरे उतरवून देतो? फी महिन्याची महिन्याला द्यावी, वर्षाची आगाऊ भरू नये. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात; तेव्हा आठवीपासूनच स्पर्धापरीक्षेची तयारी करून देण्याच्या जाहिरातींना भुलू नये.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी निराळी आहे. इंदूर, सुरत वा हैदराबाद येथील मुलाला पुष्कळदा विषय कळत नाही असे नसते. ज्या भाषेत तो शिकविला जातो ती भाषा कळत नसते. अशा मुलाला दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक हवा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरविण्याचे कर्तव्य राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने राज्यांवर टाकले आहे. त्याचा आधार घेऊन मागणी करणाऱ्या शाखा किती?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. गल्लीत दहा मुले घेऊन बसणारी पदवीधर तरुणी ही आपली शत्रू नाही. कायमची नेमणूक न मिळाल्यामुळे ती तुटपुंज्या फीवर राबते. शेजारच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी आणि शेजारच्या घरात शिक्षिका बेकार, ही विसंगती जेथे उघडी पडते तेथेच पालकांचा आणि बेकारांचा लढा एक होतो.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे हाती घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे आपल्या वस्तीतील पालकांना, विशेषतः स्त्रियांना, पाठवावे आणि रिक्त पदांचा हिशेब मागावा. संघटनेची कचेरी संध्याकाळी दोन तास मुलांच्या अभ्यासासाठी खुली करावी व शिकलेल्या सभासदांनी तेथे पाळीपाळीने बसावे. आणि भरतीच्या मागणीसाठी पालक, शिक्षक व बेकार तरुण यांना एका मोर्चात आणावे. अभ्यासवर्गाने आजचे मूल सावरेल. उद्याच्या मुलाला शिकवणी शोधावी लागू नये, यासाठी शाळेत शिक्षक आणावाच लागेल.